विचारून सांगते : लालबागच्या एका अर्धांगवायूचं प्रकरण

रुग्णाच्या मुलाने मोबाईलमधली कॉलची यादी माझ्यासमोर धरली तेव्हा त्या सकाळीला पाच आठवडे होऊन गेले होते. ६ वाजून १८ मिनिटांपासून १० वाजून २ मिनिटांपर्यंत अकरा फोन. ठाण्याच्या मोठ्या काकांना चार, बदलापूरच्या बहिणीला तीन, गावच्या मामांना दोन, एक मित्राला, एक नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. १०८ ला एकही नाही. "ताई, मला वाटलं, आधी कुणीतरी ‘न्या’ म्हणेल," तो म्हणाला आणि मोबाईल पालथा ठेवून दिला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली सतरा वर्षं परळ, लालबाग, शिवडी या पट्ट्यात घरी जाऊन पक्षाघाताच्या रुग्णांचे व्यायाम घेते. हे प्रकरण घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण वेळा, मापं आणि क्रम जसाच्या तसा ठेवला आहे. लिहायचं कारण असं की या घरात मला दोन अर्धांगवायू दिसले. एक रुग्णाच्या, म्हणजे मी ज्यांना काका म्हणते त्यांच्या, उजव्या अंगात होता. दुसरा कुठल्याही स्कॅनमध्ये दिसला नसता, आणि त्यानेही तितकंच नुकसान केलं.

रुग्ण पुरुष, वय ५८. एका गोदामात स्टोअरकीपर. आठ वर्षांपासून रक्तदाब, गोळी आठवली तर घ्यायची. दिवसातून चार-पाच वेळा तंबाखू. चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली, आत मोरी, संडास गॅलरीच्या टोकाला सामायिक. घरात बायको आणि सत्तावीस वर्षांचा मुलगा, मुलगी लग्न होऊन बदलापूरला. घरातला प्रत्येक निर्णय काकांचा असायचा. भाजी कुठली आणायची इथपासून मुलाने कुठली नोकरी धरायची इथपर्यंत.

फेब्रुवारीतली पहाट. चाळीत पाणी साडेचारला येतं. काकांनी पिंप भरलं, पावणेपाचला गॅलरीत शेजाऱ्यांशी गळक्या पाइपाबद्दल दोन शब्द बोलले आणि पुन्हा आडवे झाले. सव्वासहाला काकूंनी चहा ठेवला आणि हाक मारली. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात पलंगाखाली लोंबतोय, आणि बोलायला गेले तर शब्दांऐवजी नुसता घशातला आवाज.

इथे हिशेब नीट समजून घ्यायला हवा. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. १९९५ साली पहिल्यांदा सिद्ध झालं की पहिल्या तीन तासांत ते दिलं तर फायदा होतो. २००८ साली ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. घड्याळ सुरू होतं ते रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला त्या क्षणापासून, आपल्या लक्षात आलं तेव्हापासून नव्हे. काका शेवटचे धडधाकट दिसले पावणेपाचला. म्हणजे सव्वानऊपर्यंत वेळ होता. काकूंनी हाक मारली तेव्हा हातात तीन तास होते, आणि मोठं रुग्णालय दोन किलोमीटरच्या आत. काकू रक्तदाबाच्या गोळ्या आणायला तिथे चालत जायच्या.

ते पोहोचले १० वाजून ४० मिनिटांनी.

मधल्या वेळात काय झालं? ठाण्याचे मोठे काका म्हणाले, मी येतो, मी आल्याशिवाय हलवू नका. मामा म्हणाले, अंगावरून वारं गेलंय, गावाकडे एक जण लकव्याचं औषध देतो, दोन दिवसांत उठून बसतील. मित्र म्हणाला, रक्त पातळ करायची गोळी दे. बहीण नुसती रडत होती. दवाखान्यातून सांगितलं, डॉक्टर साडेनऊला येतात. शेजारच्या आजींनी मोहरीचं तेल गरम करून हातापायाला चोळलं, कुणीतरी साखरपाणी पाजलं आणि काकांना जोराचा ठसका लागला.

यातला एकही माणूस वाईट नव्हता. पण "अंगावरून वारं गेलं" हा आपला शब्दप्रयोग मला दर वेळी बोचतो. वारं म्हटलं की ते अंगात शिरलेलं, तेलाने-शेकाने बाहेर काढायचं, सवडीने. हृदयविकाराचा झटका म्हटला की हाच मुलगा चपला न घालता धावला असता. पक्षाघातात दुखत नाही, हीच मोठी पंचाईत आहे. आणि सीटी स्कॅन झाल्याशिवाय गुठळी आहे की रक्तस्राव हे कुणालाही कळत नाही. दर पाचांतल्या साधारण एकाला रक्तस्राव असतो, त्याला रक्त पातळ करणारी गोळी म्हणजे विष. पाणी पाजणंही तसंच धोक्याचं, कारण गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले असतात आणि घोट फुप्फुसात जातो. घरच्यांनी करायचं ते एवढंच : चेहरा वाकडा आहे का, एक हात खाली पडतोय का, बोलणं बिघडलंय का, आणि यातलं एक जरी असलं तरी लगेच निघायचं. कधीपासून, ती वेळ सोबत न्यायची.

एक गोष्ट मुलाने फार उशिरा सांगितली. सातच्या सुमारास त्याने वडिलांनाच विचारलं होतं, "पप्पा, हॉस्पिटलला जायचं का?" काकांनी मान डावी-उजवी हलवली. घराने तो निकाल मानला. इतकी वर्षं त्यांचाच शब्द शेवटचा होता, त्या दिवशीही तोच धरला. पण डाव्या मेंदूच्या पक्षाघातात वाचा जाते तेव्हा हो आणि नाही यांची गल्लत होणं नेहमीचं आहे. मनात ‘हो’ असतं आणि मान ‘नाही’ची हलते. ज्या मेंदूला इजा झाली आहे, त्याच मेंदूला आपण निर्णय विचारत होतो. काका त्या वेळी डाव्या हाताने दाराकडेही दाखवत होते असं काकूंना आठवतं. त्याचा अर्थ कुणी लावला नाही.

रुग्णालयात निदान झालं : डाव्या बाजूच्या मुख्य धमनीची एक शाखा गुठळीने बंद, उजवा अर्धांगवायू, ब्रोका प्रकारचा वाचाघात. १८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने मेंदूतली बोलण्याची ही जागा दाखवून दिली, त्यालाही आता दीडशेहून अधिक वर्षं झाली. अशा रुग्णाला समजतं बरंचसं, पण शब्द बाहेर येत नाही. इंजेक्शनची वेळ गेलेली. मोठी वाहिनी बंद असेल तर निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत नळी घालून गुठळी ओढून काढता येते, पण काकांची शाखा त्या उपायाच्या आवाक्यातली नव्हती. नऊ दिवसांनी नाकातली नळी आणि लघवीची पिशवी घेऊन ते घरी आले. चाळीच्या गणेशमंडळाच्या पोरांनी लाकडी खुर्चीत बसवून अठ्ठावन्न पायऱ्या वर नेलं.

मी पहिल्यांदा गेले तो सोळावा दिवस. उजवा हात पूर्ण ढिला. खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवून पाहिलं तर हाड आणि खोबणीच्या मध्ये माझं अख्खं बोट मावलं. रोज सकाळी उठवताना त्याच हाताला धरून ओढत होते. लुळ्या हाताला खांद्याचे स्नायू पेलत नाहीत, तो निखळतो आणि पुढे महिनोन्‌महिने ठणकतो. मी उशी कशी ठेवायची, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, उठवताना पाठीमागून आणि कमरेला कसं धरायचं हे दाखवलं. मग विचारलं, "काकू, पलंग भिंतीपासून हलवूया का? दोन्ही बाजूंनी जाता यायला हवं."

"मोठ्या भावजींना विचारून सांगते."

हे वाक्य पुढच्या तीन महिन्यांत मी किती वेळा ऐकलं असेल! कमोडची खुर्ची आणायची का? विचारून सांगते. नळी काढायच्या आधी गिळण्याची तपासणी करायला न्यायचं का? बघू. हाजी अलीला पुनर्वसनाची सरकारी संस्था आहे, तिथे दाखवायचं का? बघू, मुलगी रविवारी येणार आहे. काकांना कुठे ठेवायचं हा तर रोजचा विषय. ठाण्याला मोठ्या भावाकडे, कणकवलीजवळच्या गावी, पनवेलच्या एका केंद्रात महिन्याचे पैसे भरून, की डोंबिवलीत लिफ्टची जागा भाड्याने घेऊन. चार जागा, प्रत्येकीला एकेक बोलणारा, आणि ठराव शून्य. तोवर काका तिसऱ्या मजल्यावर पलंगावर, डायपरमध्ये.

सुरुवातीला मला हे अडाणीपण वाटलं, मग हलगर्जी. दोन्ही चूक होतं. काकू दर दोन तासांनी कूस बदलत होत्या, रात्रीसुद्धा, वहीत वेळ लिहून. पाठीवर एकही जखम झाली नाही. चुकली ती एकच गोष्ट : स्वतःहून ठरवणं. आपल्याकडे ठरवणाऱ्याच्या डोक्यावर उद्याचं खापर फुटतं. "तूच नेलंस ना, मग बघ." ‘बघू’ म्हणणाऱ्यावर कधीच काही येत नाही. त्या सकाळचे अकरा फोन मला त्यानंतर वेगळे दिसायला लागले. तो मुलगा सल्ला शोधत नव्हता. खापर वाटून घ्यायला माणसं शोधत होता.

आणि मीही यात भर घातली, हे लिहायलाच हवं. सातव्या आठवड्यात कमोडच्या खुर्चीचं ‘बघू’ ऐकून मी वैतागले. "राहू द्या, मी दुकानात फोन करते," म्हणाले आणि खुर्ची मागवून दिली. वॉकर मी निवडला. गिळण्याच्या तपासणीची वेळ मी घेतली. नळी निघाली, खुर्ची आली, सगळे खूश. पण पुढच्या वेळेपासून काकू म्हणायला लागल्या, "ताई, तुम्हीच ठरवा." भावजींच्या जागी मी आले होते, एवढाच फरक पडला.

चौथ्या महिन्यात उजव्या हाताने डोकं वर काढलं. मनगट टेबलावरून वर उचललं जात होतं. सांध्याचा कोन मोजायच्या गोनिओमीटरने मोजलं : मनगट वीस अंश, बोटं दहा अंश उघडतात. आकडा छोटा वाटेल, पण माझ्या कामात तो उंबरठा आहे. तरीही दिवसभर काका सगळं डाव्याच हाताने करत. उजवा हात मांडीवर पडलेला, जणू दुसऱ्याचा.

याला ‘शिकलेला न-वापर’ म्हणता येईल. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी माकडांवर काम करताना हे पाहिलं. एका हाताची संवेदना तोडली की माकड तो हात वापरणं सोडून देतं, वास्तविक तो हलू शकत असला तरी. (त्या प्रयोगांतल्या माकडांच्या हालांवरून १९८१ साली मोठा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.) कारण असं की पहिल्या काही आठवड्यांत हात खरोखरच चालत नाही. प्रयत्न केला की वस्तू पडते, फजिती होते, आणि चांगला हात लगेच पुढे येऊन काम उरकतो. मेंदू धडा घेतो : हा हात नको. पुढे मज्जातंतू सावरतात, पण धडा तसाच राहतो. उपाय उलटा आहे. चांगला हात बांधून ठेवायचा आणि दुबळ्या हाताला छोट्या छोट्या, जमतील अशा कामांना लावायचं. २००६ साली पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन आठवडे, जागेपणाचा बहुतेक सगळा वेळ चांगल्या हातावर हातमोजा. दुबळ्या हाताचा वापर वाढला आणि वर्षभराने तपासलं तेव्हाही टिकून होता.

घरी इतका कडक कार्यक्रम झेपत नाही. आम्ही रोज चार तास ठरवले. चालताना आणि संडासला जाताना मोजा काढायचा, कारण काठी डाव्या हातात असते आणि पडण्याचा धोका नको. बाजारातला मोजा घामाने चिकटतो, म्हणून जुन्या गोधडीच्या तुकड्याचा शिवायचं ठरलं. दुपारी काकू हाताने टाके घालत बसल्या होत्या. मी माकडांची गोष्ट सांगत होते. त्या सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "माझ्याकडे शिलाई मशीन होतं, ताई. एक दिवस." लग्नानंतर दोन वर्षांनी त्यांनी हप्त्यावर मशीन घेतलं होतं, कुणालाही न विचारता, ब्लाउज शिवून हप्ता फेडायचा असा हिशेब करून. संध्याकाळी घरात इतकं बोलणं झालं की दुसऱ्या दिवशी दुकानदाराला बोलावून परत दिलं. "तेव्हापासून मी म्हटलं, नकोच ते. विचारून केलेलं बरं." हे सांगताना आवाजात तक्रार नव्हती. टाका मात्र फार घट्ट ओढला होता, तो त्यांनी उसवून पुन्हा घातला.

पायऱ्या उतरताना मी दुसऱ्या मजल्यावर थांबले. माणसाचं मन म्हणजे हात नव्हे, घर म्हणजे मेंदू नव्हे, हे मला कळतं. पण जे ऐकलं ते हुबेहूब तेच होतं. प्रयत्न, फजिती, चांगला हात पुढे, धडा. आणि घरातला तो चांगला हात फेब्रुवारीत एका झटक्यात लुळा पडला, तेव्हा त्याच्या जागी ठाण्याचा हात शोधला गेला, मग माझा. काकूंच्या ठरवण्याच्या ताकदीला काहीही झालेलं नव्हतं. ती बत्तीस वर्षं मांडीवर पडून होती.

दुसऱ्या दिवशी मी हे तसंच्या तसं त्यांना सांगितलं आणि विचारलं, दोन आठवडे आपणही मोजा घालूया का? भावजींना, मला, मुलीला विचारायचं नाही. रोज एक निर्णय, छोट्यापासून मोठ्याकडे. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "भावजींना तुम्ही सांगाल?" मी म्हटलं, "नाही काकू. ते पहिलं काम तुमचं."

भावजी दुखावले. तो माणूस दर रविवारी ठाण्याहून फळं घेऊन येत होता, रुग्णालयाचा खर्च त्याने न मागता भरला होता. "म्हणजे मी आता परका झालो का?" त्यांनी विचारलं. काकूंनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "परके असता तर विचारलंच नसतं इतकी वर्षं." मी तिथे होते. दुसरं काही बोलणं झालं नाही, पण त्या रविवारी ते नेहमीपेक्षा तासभर जास्त बसले आणि भावाचा उजवा हात हातात घेऊन तेल लावत राहिले. खांदा न ओढता.

काकांच्या चौरंगावर पहिल्या दिवशी स्टीलची वाटी होती. ती नुसती ढकलायची. मग लिंबू उचलायचं, मग रिकामी काडेपेटी, मग शेंगदाणा. शेंगदाणा अकराव्या दिवशी उचलला गेला, दोनदा पडून तिसऱ्यांदा. काकूंचं पहिलं काम रक्तदाबाचं यंत्र कुठल्या दुकानातून घ्यायचं हे होतं. मग हाजी अलीला कुठल्या वारी जायचं. मग मावशींचा प्रश्न. पगारी मावशी काकांना आडवं ठेवूनच भराभर भरवत, आणि मी कितीदा सांगितलं तरी काकूंना त्यांना बोलायचा धीर होत नव्हता. आठव्या दिवशी त्यांनी मावशींना हिशेब करून दिला. दुसरी बाई मिळाली नाही. तीन दिवस काकू आणि मुलगा अक्षरशः मोडून गेले. मुलगा चिडून म्हणाला, "आई, आधी कुणाला विचारलं असतंस तर?" त्या रात्री काकूंचा मला फोन आला. मला वाटलं, आता मोजा उतरणार. त्या एवढंच म्हणाल्या, "चुकलंच जरा. पण भरवायला बसवून भरवतोय, ठसका नाही लागला तीन दिवस." चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरची एक बाई सकाळच्या कामाला तयार झाली.

बँकेचा निर्णय सर्वांत अवघड. खातं एकट्या काकांच्या नावावर, कार्डाचा पिन त्यांच्या डोक्यात, आणि वाचाघातात आकडेही सरमिसळ होतात. पाच महिने घर उसनवारीवर चाललं होतं, मुलीच्या पाटल्या गहाण होत्या. मुलगा एकदा बँकेत जाऊन आला होता, काउंटरवर कुणीतरी सांगितलं, कोर्टाचा आदेश आणा. तिथेच विषय संपला. खरं तर कोमातल्या माणसासाठी पालक नेमायला उच्च न्यायालयात जावं लागतं. पण समजतंय आणि फक्त सही करता येत नाही, अशा खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना स्पष्ट आहेत : अंगठा चालतो, पायाचा अंगठाही चालतो, तेही शक्य नसेल तर एखादी खूण, दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दिव्यांगाला इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे. बोलता येत नाही म्हणजे ठरवता येत नाही, असं कायदा म्हणत नाही. घराने मात्र तसं धरून चाललं होतं, आणि पाच महिने काकांना कुणी काही विचारलं नव्हतं. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी नको तेव्हा विचारलं, नंतर विचारायला हवं तेव्हा विचारलंच नाही.

काकू डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन व्यवस्थापकांना भेटल्या. अधिकारी घरी यायला तयार झाले. त्याच शाखेत खातं असलेले शेजारी साक्षीला. मी दोन पुठ्ठे करून दिले होते, एकावर हिरवी बरोबरची खूण, एकावर लाल फुली, आणि प्रत्येक प्रश्न दोनदा, उलटसुलट विचारायला सांगितला होता. "तुमच्या खात्यातले पैसे बायकोने काढलेले चालतील?" काकांनी हिरव्यावर बोट ठेवलं. थोड्या वेळाने, "बायकोने पैसे काढू नयेत असं आहे का?" लालवर. मग तिसरा प्रश्न अधिकाऱ्याने स्वतःहून विचारला, "खातं दोघांच्या नावावर करायचं?" काकांनी हिरवा पुठ्ठाच उचलून काकूंच्या मांडीवर ठेवला. डाव्या अंगठ्याला शाई लावताना ते रडले. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, मी ते तपासत होतेच, आणि गोळीही चालू होती. पण ते रडणं त्यातलं नव्हतं असं मला वाटतं.

एक गंमत वाटावी अशी पण अगदी शास्त्रशुद्ध गोष्ट : याच दिवसांत संकष्टीला गॅलरीत आरती चालली होती आणि काका आतून पूर्ण आरती म्हणत होते, शब्द न शब्द. बायकोचं नाव घेता येत नव्हतं. पाठ झालेलं, तालात बसलेलं बोलणं मेंदू वेगळ्या वाटेने आणतो, म्हणून वाचाघातातही ते शाबूत राहतं. मग आम्ही ‘पाणी’, ‘दुखतंय’, ‘उठव’ हे शब्द मांडीवर ठेका धरून म्हणायला लागलो.

जागेचा निर्णय शेवटी आला, आणि तो चारही जागांपैकी एकही नव्हता. काकूंना ठाऊक होतं की तळमजल्यावरची एक खोली तीन वर्षं कुलूपबंद आहे, तिचे लोक विरारला राहतात. हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी विरारला फोन केला, घरमालकांशी बोलल्या. मुलाकडून पाचही जागांचे फोटो मोबाईलवर घेतले आणि एकेक करून काकांसमोर धरले. ठाण्याच्या फोटोवर काकांनी हात फिरवला, गावच्या फोटोवर बराच वेळ थांबले. पाचव्या फोटोत तळमजल्याचं दार होतं आणि दारात चाळीतल्या म्हातारबांचा कॅरमचा फळा. तिथे त्यांनी बोट ठेवलं, आणि मोजा नसतानाही ते उजव्या हाताचं होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते खाली आले. संडास चौदा पावलांवर. पहिल्या पंधरवड्यात काका मी सांगितलं त्याच्या दुप्पट चालले, कारण दाराबाहेर पाऊल टाकलं की बोलायला माणूस होता.

आज सात महिने झाले. तीन पायांच्या काठीने स्वतः चालतात. शब्द साधारण चाळीस, त्यात बायकोचं नाव आहे. खांदा अजून दुखतो, थंडीत जास्त दुखेल. बोटं एकत्र उघडतात, सुटी सुटी नाहीत, शर्टाचं बटण लागत नाही. गोदामातलं काम आता होणार नाही, हे त्यांना आणि काकूंना मी स्पष्ट सांगितलं आहे. ते इंजेक्शन वेळेत मिळालं असतं तर यातलं काय वाचलं असतं, हे मुलगा मला दोनदा विचारून झाला. इंजेक्शन मिळालेला प्रत्येक जण बरा होत नाही, एवढं खरं उत्तर मी त्याला दिलं. त्याच्या मोबाईलमध्ये १०८ आता पहिल्या क्रमांकावर आहे, आणि रक्तदाबाची वही तो लिहितो. तंबाखू सुटली. गावच्या कलमांच्या बागेचं काय करायचं यावर काकू आणि भावजींचं अजून पटलेलं नाही, आणि या वेळी काकू ‘विचारून सांगते’ म्हणायला तयार नाहीत. मुलगी मध्ये अडकली आहे.

पहाटे पाण्याला आता काकू उठतात. काका दाराशी खुर्चीत बसून पिंपात पाइप धरतात, उजव्या हाताने, पिंप भरेपर्यंत. पुढच्या मंगळवारपासून नळाची तोटी घ्यायची आहे. ती फिरवायला मनगट जितकं वळायला हवं, तितकं अजून वळत नाही.